स्वच्छ सिग्नल

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतील ते घर पाहायला मी गेलो, तेव्हा घरमालकांनी मला आत घेण्याऐवजी दारात उभे केले. स्वतः बैठकीत लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले होते. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी हाताच्या खुणेने मला डावीकडे सरकवले, मग उजवीकडे, मग पुन्हा मधोमध आणले.

"तथीच राहा जी. हलू नका."

मी न्यायालयाच्या कचेरीत अधीक्षक म्हणून निवृत्त झालो होतो. इतरांना उभे ठेवण्याची मला सवय होती. स्वतः उभे राहण्याची नव्हती. काही वेळाने ते म्हणाले, "आता बाजूले व्हा." मी झालो. त्यांनी समाधानाने मान हलवली.

"पाह्यलं? तुमी दारात होते तं सिग्नल पडला. हटले तं वर गेला. मानूस म्हनजे पान्याची पिशवी हाय, साहेब. लहर तिच्यातून जाता जाता थकते."

"खोली वरच्या मजल्यावर आहे ना?" मी विचारले.

"हाव. म्हनून तं तुमाले देतो. दारात उभा राहनारा भाडेकरू मले नाई पायजे."

अशा रीतीने मी त्यांचा भाडेकरू झालो आणि त्यांच्या अखेरपर्यंत राहिलो. गल्लीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. पत्नी पूर्वीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते. चूक दुरुस्त केल्यावाचून त्यांना राहवत नसे. लग्नाची पत्रिका आली, की तिच्यातील अशुद्ध शब्द लाल शाईने सुधारून ते ती यजमानांकडे परत पाठवत, आणि मग त्याच लग्नाला वेळेवर हजर होऊन पोटभर जेवत. यात कोणाचा अपमान होतो हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. लोक हसत, कपाळाला हात लावत आणि पुढच्या वेळी पत्रिका आधीच त्यांना दाखवून छापायला देत.

निवृत्तीनंतर त्यांनी घरात इंटरनेट घेतले आणि राऊटरच्या पानाचे वाचन सुरू केले. दुसरे लोक वर्तमानपत्र वाचतात तसे. राऊटर पूर्वेच्या खिडकीत ठेवलेला असे. त्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची एक ओळ त्या पानावर दिसते: यंत्राचे नाव, त्याचा सिग्नल किती टक्के, त्याच्याकडून किती माहिती गेली, त्याच्याकडे किती आली. सकाळचा चहा ते या ओळींसमोर घेत. मलाही खाली बोलावत. मी जाई, चहा चांगला असे.

मागच्या खोलीत सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एक विद्यार्थी राहत असे. एकदा तो वैतागून आला.

"गुरुजी, नेट बंद आहे. आणि सिग्नलच्या काड्या तर सगळ्या दिसतात!"

"काड्या पाहू नको रे बाप्पा. काड्यांनं कोनाचं पोट भरलं? गेलं किती, आलं किती, ते सांग."

विद्यार्थ्याला ते कुठे पाहावे हेही ठाऊक नव्हते. गुरुजींनी त्याच्या लॅपटॉपवर वायरलेस अडॅप्टरची, म्हणजे लॅपटॉप ज्यातून राऊटरशी बोलतो त्या भागाची, चौकट उघडली. तिच्यात दोन आकडे होते. 'पाठवले' चा आकडा वाढत होता. 'मिळाले' चा जागच्या जागी होता.

"हे पाय. राऊटर जोरानं बोलते, म्हनून तुले काड्या फुल दिसते. तुह्या अडॅप्टरचा आवाज बारीक. तू हाका मारून राह्यला, पन त्याच्या कानापर्यंत पोचून नाई राह्यल्या. मंग उत्तर कुठून येईन?"

नंतर दोघांनी मिळून खोलीतील लोखंडी कपाट दारामागून हलवले. दोन्ही आकडे धावू लागले. विद्यार्थी पाया पडला. गुरुजींनी त्याला उठवून सांगितले, की पाया पडताना तू पुन्हा राऊटरच्या आड आलास.

'गेलं किती, आलं किती' हे त्यांचे मोजमाप हळूहळू माणसांनाही लागू झाले. मतांपुरता दारी येणारा नेता म्हणजे 'काड्या फुल, आलं शून्य'. माझ्याविषयीही त्यांनी एकदा चहा ओतता ओतता निकाल दिला.

"साहेब, तुमी नुसतं घेता. पाठवत काहीच नाई."

"बोलण्यासारखे काही असले तर बोलतो," मी म्हणालो.

"हेच म्हनलं मी."

राऊटरच्या पानावर घरातील यंत्रांखेरीज एक ओळ जास्तीची होती. ती शेजारच्या घरातील संगणकाची. पूर्वेला कुंपणाची भिंत आणि तिच्यापलीकडे गुरुजींच्या धाकट्या भावाचे घर. भिंतीत एक लहान फाटक होते. त्याला कुलूप होते, आणि कुलपावर गंज होता.

फाटक बंद होण्याचा प्रसंग मी पाहिलेला नाही. गुरुजींच्याच तोंडून अनेकदा ऐकला. धाकट्या भावाच्या मुलीला पाहायला यवतमाळकडचे पाहुणे आले होते. भावाने मोठ्या अभिमानाने सांगितले, की पोरगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. गुरुजी पोह्यांच्या बशा घेऊन आत येत होते. त्यांनी उभ्या उभ्या दुरुस्ती केली. "नाई नाई. फर्स्ट क्लास दोन मार्कांनं हुकला. सेकंड." पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पोह्यांची स्तुती केली आणि निघून गेले. पुन्हा त्यांचा निरोप आला नाही.

"मी खोटं बोललो काय?" गुरुजींनी त्या दिवशी भावाला विचारले होते. मला हकीकत सांगतानाही ते दर वेळी याच प्रश्नावर थांबत.

भावाने दिलेले उत्तर ते सहसा सांगत नसत. एकदाच सांगितले.

"म्हने, नाई दादा. तू कधीच खोटं बोलत नाई. आता माह्याशी बोलूच नको."

मुलीचे पुढे चांगल्या ठिकाणी लग्न झाले. ती पुण्याला गेली. तिच्या मनात काही नव्हते. माहेरी आली की ती वडिलांना सांगून, पुढच्या रस्त्याने वळसा घेऊन काकांकडे येई. गुरुजींना ती मोठे बाबा म्हणे. "बरं झालं मोठे बाबा, ते जमलं नाई. त्या पोराचे कान भल्ले मोठे होते," असे तिने माझ्यादेखत त्यांना ऐकवले आहे. गुरुजी हसले नाहीत. कानांचे माप आणि माणसाची योग्यता यांचा संबंध नाही, अशी दुरुस्ती त्यांनी केली.

शेजारचा संगणक राऊटरला जोडला तो तिनेच. आईच्या मागे वडील एकटे पडले, त्यांना वर्तमानपत्र आणि कीर्तन पाहता यावे म्हणून तिने संगणक घेऊन दिला, त्याला अंगठ्याएवढे वायरलेस अडॅप्टर लावले आणि मोठ्या बाबांकडून पासवर्ड नेला. "बाबांले सांगू नका," असे ती जाताना म्हणाली. भावाने गुरुजींना काही विचारले नाही आणि गुरुजींनी भावाला काही सांगितले नाही. त्या दोघांमध्ये न बोलण्याची व्यवस्था इतकी पक्की होती, की तिच्यात एक गुपित सहज मावले.

त्या घराच्या खिडकीवर बारा महिने जाड पडदा असे. पण गुरुजींना खोलीची मांडणी पाठ होती. संगणक पलीकडच्या भिंतीशी, त्याच्यापुढे खुर्ची, खुर्चीची पाठ खिडकीकडे. म्हणजे भाऊ खुर्चीत बसला, की तो अडॅप्टर आणि राऊटर यांच्या बरोबर मध्ये येई. त्या ओळीचा सिग्नल खाली पडे.

"बसला," गुरुजी म्हणत, आणि मगच चहाचा पहिला घोट घेत.

इतर सर्वांच्या बाबतीत सिग्नल वाढावा म्हणून खटपट करणारे गुरुजी या एका ओळीचा सिग्नल पडण्याची रोज वाट पाहत. तो पडला आणि मागोमाग गेल्या-आल्याचे आकडे हलू लागले, की त्यांचा दिवस सुरू होई. मला त्यांनी ही ओळ वाचायला शिकवली होती.

"सिग्नल स्वच्छ म्हनजे खुर्ची रिकामी. ध्यानात ठेवा साहेब. बाकी जगाचं सुलटं, याचं उलटं."

चतुर्थीला भाऊ केळझरच्या गणपतीला जाई. त्या दिवशी ओळ दुपारपर्यंत स्वच्छ आणि निश्चल राही. कारण ठाऊक असूनही गुरुजींना करमत नसे. शेंगा फोडत, पडद्यासमोरून उठत, पुन्हा बसत. संध्याकाळी सिग्नल पडला, की "आला" म्हणून शेंगांची टरफले गोळा करत.

वर्ध्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला कूलरचे महत्त्व सांगावे लागत नाही. गुरुजींच्या बैठकीला कूलर बसेल अशी खिडकी एकच, पूर्वेची. त्यांनी तिच्यात कूलर कधी बसवला नाही. पत्र्याचा डबा, आत पाणी. लहरीला याहून मोठी भिंत नाही, असे त्यांचे म्हणणे. राऊटर दुसरीकडे ठेवला तर त्या घरापर्यंत पोचत नसे. ऐन मे महिन्यात ते ओला पंचा डोक्यावर घेऊन त्या खिडकीशी बसून राहत.

"भावासाठी एवढे करता," मी एकदा म्हणालो, "तर फाटक उघडून दोन शब्द बोलून का येत नाही?"

"काऊन? तो मस्त हाय. सकाळी उठला, बसला, कीर्तन आयकलं. दुपारी बातम्या. मले सगळं दिसते."

"तुम्हाला दिसते. त्याला काय दिसते?"

त्यांनी पंचा पुन्हा ओला करून डोक्यावर घेतला. त्या राऊटरने त्यांचे एक मोठे नुकसान केले, असे मला आजही वाटते. भाऊ कसा आहे, हे विचारण्याची गरजच त्याने उरू दिली नाही. विचारायला जाण्याचे निमित्त असते, तर त्या निमित्ताने दुसरेही बोलून झाले असते.

शेवटी पुतणीनेच त्यांना हलवले. तिचा फोन आला, तेव्हा मी समोर होतो. तिने काय सांगितले ते मला नीट ऐकू आले नाही. गुरुजींचे ऐकू आले.

"त्यानं तोंड फिरवलं तं?... हाव... हाव, मी मोठा हाय, मले समजते... बरं. उद्या जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. राऊटरशेजारी गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपाळ गोड बिस्किटांचा, डबा होता. धाकट्याला लहानपणापासून आवडतो म्हणून आदल्या दिवशी गावात जाऊन आणलेला. फाटकाच्या कुलपात त्यांनी तेल सोडले होते. किल्ली हातात होती. मी त्यांना इतके अस्वस्थ कधी पाहिले नव्हते.

"काय बोलणार?" मी विचारले.

"एकच वाक्य हाय. रातभर घोकलं."

ते निघाले. निघता निघता सवयीने पडद्याकडे वळले. त्या ओळीतील गेल्या-आल्याचे आकडे, त्यांच्या भाषेत ट्रॅफिक, भराभर धावत होते. त्यांचा चेहरा उजळला.

"पाहा साहेब! आज तं सकाळपासून लावून बसला. ट्रॅफिक पाहा. कीर्तन जोरात रंगलं दिसते." मग किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले, "एवढं आटपू द्या त्याचं. मधातच काऊन उठवाचं? कीर्तनातून उठवलेला मानूस आधीच चिडला राह्यते."

मी म्हणालो, "गुरुजी, जा."

"जातो ना जी. ट्रॅफिक थांबली, का जातो."

ट्रॅफिक थांबली नाही. एक कीर्तन संपले, की संगणक आपण होऊन दुसरे लावतो. गुरुजी समोर बसून राहिले. दोनदा चहा झाला. दिवस चांगला वर आल्यावर भिंतीपलीकडून बाईची किंकाळी आली. भावाकडे स्वयंपाकाला येणारी बाई होती ती.

फाटक गुरुजींनी उघडले की मी, ते मला आठवत नाही. कुलूप तेलामुळे सहज निघाले. भाऊ खुर्चीजवळ जमिनीवर पडला होता. हेडफोन बाजूला पडला होता आणि त्यातून कीर्तन चालू होते. सावंगीच्या इस्पितळात नेले. तेथील डॉक्टर तरुण होते. त्यांनी हळू आवाजात सांगितले, की झटका सकाळी लवकरच आला असावा, आणता आणता फार उशीर झाला. गुरुजींनी त्यांना विचारले, "किती उशीर?" डॉक्टरांनी उत्तर दिले नाही. समजूतदार होते.

दुसऱ्या दिवशी पुतणी पुण्याहून आली, अंत्यविधी झाला. संध्याकाळी सर्व आटोपल्यावर गुरुजी ओल्या कपड्यांनिशी अंगणात बसले होते. मला पाहून बोलले.

"सिग्नल स्वच्छ होता, साहेब."

मी कोरडा पंचा त्यांच्यापुढे धरला.

"पूरा स्वच्छ. मधात कोनी नव्हतं. मले दिसला होता. मी ट्रॅफिक पाहत बसलो." मग पंचा घेत म्हणाले, "साऱ्या जगाले सांगत आलो ना मी, काड्या पाहू नका, गेलं-आलं पाहा."

या बोलण्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. असते तरी मी केले नसते.

पुतणी तेराव्यापर्यंत राहिली. घर बंद करून जायचे होते. भांडी वाटली, पडदे उतरवले. जाण्याच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे चहाला आली. गोरसपाकाचा डबा राऊटरशेजारी तसाच होता. तो पाहून तिने विचारले आणि मी सांगितले. तिने डबा उघडून पाहिला आणि पुन्हा बंद केला.

"मोठे बाबा, एक सांगू? दिवाळीत मी बाबांले वेगळं कनेक्शन घेऊन देत होती. तुमचं कधी कधी हळू चालते ना. त्यांनी घेऊच नाई देल्लं."

"काऊन?"

"मी त्यांले सांगतलं होतं सगळं. तुमी सकाळी पाहता म्हनून. रागावतीन वाटलं. तं म्हने, राहू दे तेच. दादाले दिसते, मी बसलो का नाई. एखाद्या दिवशी बरं नसलं, तरी उठून खुर्चीत बसत. म्हनत, तो तथी चहा घ्याचा खोळंबला असंन."

गुरुजींनी कप खाली ठेवला. तिला जवळ घेतले नाही, डोळे पुसले नाहीत. उठून पूर्वेच्या खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मला त्या वेळी एवढेच सुचले, की ते राऊटरच्या आड उभे आहेत आणि आज त्यांना त्याचे भान नाही.

दुसऱ्या दिवशी सामान गाडीत चढत होते. संगणक शेवटी काढायचा होता. गुरुजी माझ्याकडे वर आले. जिना चढून ते कधी येत नसत.

"साहेब, एक काम करता का?"

"सांगा."

"तिकडं जाऊन त्या खुर्चीत बसा. बोलू नका, काही लावू नका. बसा फक्त. काढाच्या आधी एक डाव."

मी कारण विचारले नाही. फाटक उघडेच होते. पुतणी ओसरीत दोऱ्या बांधत होती. तिने मला जाताना पाहिले आणि वाट दिली. खोली रिकामी होती. भिंतीशी संगणक चालू होता, त्याच्या मागच्या अंगाला अडॅप्टरचा बारीक दिवा लुकलुकत होता. मी खुर्चीत बसलो. पाठ खिडकीकडे. खिडकीला आता पडदा नव्हता.

मी ताठ बसतो. ती कचेरीतली सवय आहे. काही क्षणांनी मी खांदे थोडे खाली सोडले. धाकटे भाऊ वाकून बसत, असे ऐकले होते.

मागे, भिंतीपलीकडे, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग गुरुजींचा आवाज आला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तसा, स्पष्ट आणि एका पट्टीत.

"मार्कांचं मी बोलाले नको होतं, लहान्या."

ते मला उद्देशून नव्हते. मी वळलो नाही, आणि उत्तरही दिले नाही. पलीकडून खुर्चीचा आवाज पुन्हा येईपर्यंत मी तसाच मध्ये बसून राहिलो.